आधी काच, मग काटा

लॉन्ड्रीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकाच बॉयलरची चाकरी केली. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कारखान्यांतले डगले, साऱ्या गावाचा मळ त्या वाफेवर निघायचा. बायकोचा वाढदिवस ते हमखास विसरत, पण कोणत्या वर्षी कोणता व्हॉल्व बदलला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. बायको लॉन्ड्रीचंच फाटकं कापड घरी आणून रफू करायची. बॉयलरच्या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण जेवताना दुसरं काही कानावर पडतच नसल्यामुळे तिथला पहिला नियम तिला तोंडपाठ होता. कामावर आल्याबरोबर आधी काच, मग काटा. काटा वाफेचा दाब दाखवतो. काच म्हणजे बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवणारी उभी नळी.

"दाब फार चढला तर बॉयलर शिट्टी मारून सांगतो," मिस्त्री म्हणायचे. "पाणी उतरलं तर आतून जळत जातो, पण काही बोलत नाही. मला भीती त्या न बोलण्याची."

गेल्या वर्षी एका सकाळी ते व्हॉल्वचं चाक फिरवायला गेले आणि उजव्या हाताने ऐकलंच नाही. हाक मारायला गेले, तर जीभ जड. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. इस्पितळातून घरी आले तेव्हा बायकोला त्यांना उभं करायला दोन माणसं लागत.

पण माणूस चिवट. तिसऱ्या महिन्यात काठी घेऊन चालू लागले, सहाव्यात शर्टाचं वरचं बटण स्वतः लावू लागले. बोलणं सुधारावं म्हणून रोज सकाळी अंथरुणावर बसून मोठ्याने आकडे म्हणायचे. सुरुवातीला बारा-तेरापर्यंत गाडी जायची. आठव्या महिन्यात ते न अडखळता शंभरावर पोहोचले. बायको स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला रडू फुटलं. मग तिने त्यांना चहा गार झाल्याबद्दल रागावून घेतलं.

याच सुमारास धाकटा दीर रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन आला. सल्ल्याच्या बाबतीत भाऊजींचा हात सढळ. "दादा, या रोगात आकडा जितका खाली तितकं बरं," त्यांनी सांगून टाकलं आणि दोन कप चहा पिऊन ते गेले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी वरचा आकडा एकशेतीसच्या आसपास ठेवायला सांगितलं होतं आणि त्यासाठी सकाळची एक गोळी दिली होती. मिस्त्री दर दोन तासांनी पट्टा बांधून वहीत आकडा लिहू लागले. बायकोला वाटलं, बरं झालं, हाताला काम मिळालं.

दहाव्या महिन्यात मात्र गाडी मागे जायला लागली. सकाळी उठले की मिस्त्री भिंत धरायचे. उजवा पाय फरफटायचा. आकडे म्हणताना एकोणपन्नासला अडकायचे, मग एकोणचाळीसला, मग एकोणतीसला. दुपारी थोडं बरं वाटायचं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. विचारलं तर म्हणायचे, "झोप झाली नाही." दुसरा झटका येतोय, हे बायकोने मनाशी धरलं. दाराशी कुणी आलं, भांडं पडलं, ते खोकले, की ती हातातलं टाकून त्यांच्याकडे धावायची. सुईत दोरा ओवायला पूर्वी तिला डोळे लागत नव्हते. आता चार वेळा ओवावा लागे.

मग एका दुपारी तिने गोळ्यांचं पाकीट हलवून पाहिलं. महिन्याचं पाकीट, तारीख एकोणीस, आणि आत एकही गोळी नाही. मिस्त्री खिडकीत बसले होते. तिने त्यांच्या हाताशी असलेली चष्म्याची डबी उघडली. आत पुसायच्या फडक्याखाली नीट मोडून ठेवलेल्या अर्ध्या गोळ्या होत्या.

"हे काय आहे?"

"आकडा चढला की अर्धी घेतो." त्यांना शब्द शोधावे लागत होते. "काल... अठ्ठ्याण्णववर आणला." आवाजात फुशारकी होती. एकतीस वर्षं ज्या हाताने वाफ सोडली, तोच हात काटा चढताना गप्प कसा बसणार?

तिने तशीच रिक्षा बोलावली. डॉक्टरीणबाईंनी बसवून दाब पाहिला, एकशेचार. उभं करून पाहिला, ब्याऐंशी. मिस्त्री टेबल धरून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. डोक्याचा फोटो निघाला. नवा झटका नव्हता. बायकोने बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती, ती तेव्हा सोडली. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"काकू, मेंदूतल्या रक्ताच्या नळ्या हुशार असतात. अंगातला दाब चढला की आकसतात, उतरला की रुंद होतात. म्हणून मेंदूला रक्त ठरल्याइतकंच मिळत राहतं. काकांच्या डाव्या बाजूच्या नळ्यांची ही सवय झटक्यात मोडलीय. ती परत यायला महिने लागतात, कधी वर्षं, कधी पुरती येतही नाही. तोवर दाब उतरला की तिथलं रक्तही उतरतं. जो भाग सावरतोय, तोच उपाशी राहतो."

"आणि असंच चालू राहिलं असतं तर?"

"कमावलेलं सगळं गेलं असतं. पुन्हा मिळेलच असं मी सांगू शकले नसते."

परतताना रिक्षात मिस्त्री तिच्याकडे पाठ करून बाहेर बघत बसले. पटलं नव्हतं, ते तिला पाठीवरूनच कळत होतं. घरात आल्या आल्या त्यांनी मशीन ओढलं. बायकोने पट्टा काढून घेतला.

"काटा खाली आहे आणि काचेत पाणी नाही. काय करता हो तुम्ही बॉयलरवर?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं.

"माणसाला... काच कुठे असते?"

"असते की. मी रोज बघते. तुम्ही कितीवर अडकता ते ऐकते, पाय कसा टाकता ते बघते. महिनाभर पाणी उतरतंय आणि तुम्ही काट्याकडे बघून खूश."

ते खाली बसले. मग त्यांनी तिला सांगितलं, तुटक तुटक, कधीच न सांगितलेलं. झटक्याच्या महिनाभर आधी लॉन्ड्रीत सगळ्यांची तपासणी झाली होती. त्यांचा आकडा एकशेनव्वदच्या वर होता. डॉक्टरकडे जा म्हणून चिठ्ठी दिली होती. त्यांनी ती खिशात घातली, कारण त्या आठवड्यात बॉयलरची पाहणी होती. डगला धुवायला गेला आणि चिठ्ठीचा लगदा झाला.

"बॉयलरवर... असा आकडा बघून कुणी घरी गेला असता, तर मी त्याला हाकलला असता."

तिला राग आला. एवढा राग की तिला त्यांच्या शेजारी बसवेना. ती उठून मोरीत गेली, नळ सोडून उभी राहिली, आणि तोंड धुऊन परत आली.

त्या दिवसापासून गोळ्या तिच्या सुया-दोऱ्याच्या डब्यात गेल्या. सकाळी उठल्यावर पाय खाली सोडून बसायचं, आकडे म्हणायचे, मगच उभं राहायचं. तीन आठवड्यांनी आकडे पुन्हा साठाच्या पुढे जाऊ लागले. एका सकाळी मशीन एकशेत्रेचाळीस म्हणालं. कधी एवढा दिसला तर घाबरायचं नाही, फोन करायचा, असं बाईंनी बजावलं होतं, तरी तिचा हात डब्याकडे गेला.

"आधी काच," मिस्त्री म्हणाले आणि आकडे म्हणू लागले. तिने डबा मिटला. एकोणतीस गेला, एकोणचाळीस गेला. एकोणपन्नासला ते थांबले. ती पुढे झुकली.

"अहो, पुढे?"

"येतंय मला. तुला बघत होतो." ते तिच्याकडे निरखून बघत होते. "किती महिने झोपली नाहीस? इकडे ये. हात दे."

"मला काय धाड भरलीय?"

पण त्यांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता. उजव्या हाताने, दोनदा निसटत. मशीन फुगलं, घरघरलं आणि थांबलं. एकशेअठ्ठ्याहत्तर.

"दगदगीने होतं असं," ती घाईने म्हणाली. "तुमची पुढची तपासणी होऊ दे, मग बघू." आणि आकडा पुसायला तिने बटणाकडे हात नेला.

मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं. तिने सोडवायचा प्रयत्न केला, पण उजव्या हाताची ती पाचही बोटं, वर्षभर तिने रोज तेल लावून चोळलेली, काही केल्या सुटेनात.