कंपनी विकायची होती

नागपूरला लागून असलेल्या वाडीत एका गोदामाच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं. कंपनी अमेरिकेतली, एका कृष्णवर्णीय बाईंनी उभी केलेली. ट्रक रिकामा परतू नये म्हणून लहान ट्रकमालकांना परतीचा माल मिळवून देणारं अ‍ॅप त्यांनी स्वतः लिहिलं होतं. नागपूरहून आम्ही ते सांभाळायचो. पैसा संपत आल्यावर त्या कंपनी विकायला निघाल्या. विक्री फसली तर ऑफिस बंद, हे इथली प्रमुख म्हणून फक्त मला माहीत होतं. कोणाला सांगायची मुभा नव्हती.

एका सकाळी त्या व्हिडिओ कॉलवर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. आणखी एका खरेदीदाराने नकार दिला होता.

“मी अ‍ॅप उलगडून दाखवलं. शेवटी त्यांनी विचारलं, हे नक्की बनवलं कोणी? मी म्हटलं, मीच. तर एकमेकांकडे बघून हसले.”

 मग मी त्यांना आमच्या जागेची गोष्ट सांगितली. आधी मी सीताबर्डीच्या बाजारपेठेत जागा शोधत होते. सगळं ठरायचं, मग मालक विचारायचा, “आडनाव काय म्हणलं तुमचं?” ते ऐकलं की जागा कालच दुसऱ्याला दिलेली असायची.

“मग ही कशी मिळाली?”

“आमच्याच समाजातले एक काका वाडीत ट्रान्सपोर्टचा धंदा करतात. त्यांनी शब्द टाकला. माझ्या नाही, त्यांच्या शब्दावर जागा मिळाली, याचा मला फार अपमान वाटला होता.”

 त्या म्हणाल्या, “असा एक माणूस मलाही माहीत आहे. त्याच्याकडे जायचं मीच टाळत होते.”

ते गृहस्थही कृष्णवर्णीय. याआधी स्वतःची कंपनी चांगल्या भावाने विकलेले. त्यांनी आपला वकील दिला, एकाच खरेदीदाराच्या भरवशावर राहू नका म्हणून बजावलं, ओळखीचे आणखी दोन खरेदीदार समोर आणले.

त्या दिवसांत सक्करदऱ्याला घरी माझं ताट तसंच राहायचं. आई विचारायची, “काहून जेवून नाही राहिली वं?” मी अ‍ॅसिडिटी सांगायचे. ऑफिसात एकाने लग्न जमल्याचे पेढे आणले. “मॅडम, तुमाले यायचंच आहे!” मी पेढा घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

शेवटच्या बैठकीत तोच प्रश्न आला. या वेळी ते गृहस्थ बाईंच्या शेजारी बसले होते. म्हणाले, “यांनीच बनवलंय. मी स्वतः तपासलंय.” पुढे कोणी काही विचारलं नाही.

“विकली गेली,” बाईंनी फोनवर सांगितलं. आवाजात आनंद नव्हता. “त्यांनी माझंच वाक्य म्हटलं गं. फक्त त्यांच्या तोंडून ते खरं वाटलं.”

नागपूरचं ऑफिस वर्षभर चालवायचं, एवढं बाईंनी नव्या मालकांकडून करारात घालून घेतलं होतं. मी सगळ्यांना बोलावून सांगितलं. लग्न ठरलेला तो हळूच म्हणाला, “आन् वर्षानंतर, मॅडम?”