जीपच्या लिव्हरला बांधलेला धागा

जीप गॅरेजच्या पिटवर, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर, उभी होती आणि तिचा मालक निलेश तिच्याकडे पाठ करून माझ्या टेबलासमोर बसला होता. घरात भांडण झालेला नवरा बसतो तसा.

"ताई, हिचं हे शेवटचं काम. चालती करून द्या फक्त. रविवारी नाशिकचा माणूस येतोय बघायला. पसंत पडली तर घेऊनच जाणार."

"आणि तू काय चालवणार?"

त्याने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर एक अगडबंब डबल-कॅब पिकअप डोंगरमाथ्यावर चढून बसलेली. डबल-कॅब म्हणजे चार दरवाजे, पुढे-मागे सीट आणि उरलेल्या जागेत माल. गाडी देखणी होती, त्यात वादच नाही.

"एकाच गाडीत सगळं. माल पण, फॅमिली पण. आयेला खाजणात पण नेता येईल."

माझं गॅरेज कल्याण-शीळ रस्त्यावर, शीळफाटा यायच्या जरा आधी. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये होते, मग स्वतःचं सुरू केलं. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या हे आमचं खास काम. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतं आणि विचारतं, "मेकॅनिक कुठंय?" पूर्वी राग यायचा. आता मीही इकडेतिकडे बघते आणि म्हणते, "आत्ता इथेच होती."

निलेश माजिवड्याच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावठाणातला. घरची भातशेती होती, मिठागर होतं. शेतांवर आता टॉवर उभे आहेत आणि निलेशची शीळफाट्याला रोपांची नर्सरी आहे. आजोबांनी जिथे भात लावला, तिथेच हा विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत तुळस लावून देतो. कुंड्या, लाल माती, खताच्या गोणी असा सगळा माल तो वडिलांच्या जुन्या जीपमधून आणि मागच्या ट्रॉलीतून न्यायचा. वडील गेल्यापासून जीप रोज रस्त्यावर होती आणि तेव्हापासूनच ती रोज काहीतरी मोडून घेत होती.

मोडायचा तो दरवेळी क्रॉसच. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा असतो, त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. त्या शाफ्टच्या टोकाला, हाताला मनगट असावं तसा, वळणारा सांधा असतो. त्यातला तुकडा म्हणजे क्रॉस. तो वर्षानुवर्षं टिकायला हवा. निलेशच्या जीपचा टिकत नव्हता. आधी दोन गॅरेजवाल्यांनी तो बदलला होता. शिवाय टायर विचित्र झिजत होते आणि स्टिअरिंग फिरवताना खांदा भरून यायचा.

"मावशी काय म्हणतात?" मी त्याच्या आईबद्दल विचारलं.

"आये बोलतच नाय माझ्याशी. नाशिकचं ठरलं तेव्हापासून ताट वाढते आणि आत जाते."

त्यांच्या बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, बांधावरची देवी. दर अमावास्येला मावशी तिथे दिवा लावतात. वाट खाजणातून, म्हणजे भरतीच्या पाण्याने कायम चिखल असलेल्या जमिनीतून. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. निलेश काहीही म्हणो, मावशींच्या मते जीप गेली की त्यांचं जाणंही संपणार, एवढं सरळ होतं ते.

"मला काय हौस आहे का विकायची?" निलेशचा आवाज एकदम चढला. "परवा मुंब्रा बायपासला मोगऱ्याची रोपं घेऊन भर उन्हात बसलेलो. सगळी सुकली. सोसायटीवाले बोलले, पुन्हा नको. धंदा करू का हिची सेवा करू?"

मी क्रॉस बदलला. तो बदलायला डोकं लागत नाही. डोकं लागतं ते तो का मोडतो हे शोधायला.

"मी एक राउंड मारून बघते," मी किल्लीसाठी हात पुढे केला.

"नाय ताई. जीप माझ्याशिवाय कोण चालवत नाय. बाबा गेल्यापासून."

म्हणजे आधीच्या दोन्ही गॅरेजांत हा स्वतःच जीप पिटवर चढवायचा आणि स्वतःच उतरवून न्यायचा. काम करणाऱ्याने ती चालवून बघितलीच नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, मी शेजारी बसते.

सरळ रस्त्यावर जीप कुरकुरत का होईना, धावली. फाट्याच्या पुढे यू-टर्न घेताना मात्र तिने जे केलं ते गाडीने करू नये. ती थांबली, उडी मारल्यासारखी पुढे झाली, पुन्हा अडली आणि टायर ओरडले. अडेल बैलाला वळवताना होतं तसं.

माझी नजर खाली गेली. मुख्य गिअरच्या बाजूला एक छोटा लिव्हर असतो. तो पुढे ढकलला की चारही चाकं ओढायला लागतात, मागे घेतला की फक्त मागची दोन. तो पुढे होता. आणि त्याला लाल धागा गुंडाळून खालच्या पत्र्याला घट्ट बांधून टाकलेला होता.

धागा मी आधीही बघितला होता. पण आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. गाडीत देवाचं, नाहीतर कुणाच्या आठवणीचं काही बांधलेलं असेल, तर मेकॅनिक त्याला हात लावत नाही. लिंबू-मिरची असो, ताबीज असो, आमच्या भीमनगरातल्या रिक्षांतला निळा झेंडा असो. वाकून, वळसा घालून काम करायचं. आधीच्या दोघांनी तेच केलं होतं आणि मीही.

"निलेश, गाडी बाजूला घे."

त्याने घेतली.

"हा फोर-व्हीलमध्ये का आहे?"

"तो तसाच असतो."

"रस्त्यावर पण?"

"कायम. बाबांनी शेवटची लावली तेव्हा तसाच होता. बाराव्यानंतर मी धागा बांधला. कोणी हलवू नये म्हणून."

आता हे जरा समजून घ्या. वळण घेताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. अशा जुन्या जीपमध्ये फोर-व्हील टाकलं की पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात आणि सारखीच फिरतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो ताण शाफ्टमध्ये पिळासारखा साठत जातो, प्रत्येक वळणाला थोडा अधिक, आणि शेवटी सगळ्यात नाजूक भाग मोडतो. म्हणजे क्रॉस. निलेश ही जीप रोज शीळफाटा ते माजिवडा, कुंड्यांनी भरून, अशी पिळत नेत होता.

मी हे सगळं सांगितल्यावर त्याने वाकून त्या धाग्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पण बाबा तर अशीच चालवायचे. मी स्वतः बघितलंय."

मला त्याला झापायचं होतं. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. लिव्हर मागे घेणं हे दोन सेकंदांचं काम होतं, पण तो धागा सोडणं माझं काम नव्हतं. मी म्हटलं, "उद्या तुझ्या घरी येते. मावशींशी बोलायचंय. आणि ती तुझी डोंगरावरची गाडी कधी येतेय?"

"उद्याच. टेस्ट ड्राइव्हला. ते घरी घेऊन येतात."

"मग टेप पण आणते."

गाडी निवडताना लोक शोरूममध्ये जातात, सीटवर हात फिरवतात, टायरला लाथ मारतात. टायरला लाथ मारून काय कळतं हे मला आजतागायत समजलेलं नाही. मी सांगते, आधी स्वतःच्या गल्लीची रुंदी मोजा. पण माझी टेप निघायच्या आधीच दुसऱ्या दिवशी पिकअप गावठाणात शिरली होती.

गल्लीत एका अंगाला जुनी विहीर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा ओटा आणि मध्ये काटकोनात वळण. त्या वळणात पिकअप अडकली होती. कुठे घासली नव्हती, पण पुढे जाईना आणि मागेही येईना. चारी बाजूंचे सेन्सर टीं टीं करत होते. गळ्यात टाय घातलेला सेल्स एक्झिक्युटिव्ह घामाने निथळत दोन्ही आरसे मिटवत होता. निलेश स्टिअरिंगवर, आणि अर्धं गावठाण ओट्यांवर.

"कट मार, कट मार!"

"आता उलटी घे. आरं उलटी म्हंजे उलटी!"

"माजी सुकट तुडवशील तर बघ," एक म्हातारी ओरडली. तिची सुकत घातलेली मासळी नेमकी मागच्या चाकाजवळ होती.

एक्झिक्युटिव्ह माझ्याकडे बघून कसाबसा हसला. "मॅडम, सिटी ड्रायव्हिंगला एकदम स्मूथ आहे ही."

"ही सिटीच आहे," मी म्हटलं.

गलका ऐकून मावशी काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, लेकाकडे बघितलं. आणि इतक्या दिवसांचा अबोला मोडून म्हणाल्या, "आरं पोरा, ही गारी आपुन झोपवायची कुठं?"

सगळं गावठाण हसलं. निलेशही हसला, बिचारा.

सुकट उचलून, एका पोराला विहिरीच्या कठड्यावर उभं करून, टेपने मोजत इंचाइंचाने आम्ही ती पिकअप बाहेर काढली. एक्झिक्युटिव्ह पाणीसुद्धा न घेता निघून गेला. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती. मी मावशींना तिथे नेलं आणि विचारलं, "मावशी, काका ही जीप रोज चालवायचे?"

"रोज. मिठागरान."

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्याव?" मावशींना प्रश्नच कळेना. "रस्त्याव कवा आनलीच नाय तेनी. गारी मिठागराच्या शेडीन ऱ्हायाची आन तो चालत घरा येवाचा. चिखलाची गारी हाय ती, बोलायचा. डांबराव तिचे पाय दुखतान."

मी निलेशकडे बघितलं. लहानपणापासून त्याने बापाला जीप चालवताना बघितलं ते फक्त मिठागरात, फक्त चिखलात, आणि लिव्हर कायम पुढे. मिठागर बंद झालं, बाप गेला, आणि ती रस्त्यावर आणली ती ह्यानेच. बाप चालवायचा तशीच चालवायची म्हणून.

"मना इचारलं असतंस तर सांगितलं असतं," मावशी म्हणाल्या. "तू तं सरळ इकायलाच निघालास."

मावशींनी पुढच्या सीटवर बसून नखांनी धाग्याची गाठ सोडवायला घेतली. घट्ट बसली होती, वेळ लागला. धागा सुटला, तरी लिव्हर हलेना. साठलेला पीळ त्याला धरून ठेवतो, अशा वेळी गाडी थोडी मागे घ्यावी लागते. मी निलेशला सांगितलं, हळू रिव्हर्स घे. तो जीप मागे घेत होता आणि मावशी दोन्ही हातांनी लिव्हर ओढत होत्या. खट्ट आवाज झाला आणि जीप अंग सैल सोडल्यासारखी हलकी झाली. निलेश स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. मी टेप गुंडाळण्यात उगाच बराच वेळ घालवला.

नाशिकच्या माणसाला निलेशने रात्रीच नाही म्हणून कळवलं, पण त्या माणसाने तो मेसेज काही बघितला नाही. रविवारी अमावास्या होती. मावशींनी हट्टाने मलाही सोबत घेतलं. डांबर संपलं तिथे त्या म्हणाल्या, "थांब. आता टाक." निलेशने लिव्हर पुढे ढकलला आणि जीप खाजणात उतरली. चिखल चाकांच्या अर्ध्यापर्यंत होता. ती न अडखळता, न कुरकुरता चालत राहिली. मी इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करतेय, पण एखादी गाडी इतकी खूश मी क्वचितच बघितली आहे. बांधावर मावशींनी दिवा लावला आणि तो लाल धागा देवीपुढे ठेवला.

तेवढ्यात निलेशचा फोन वाजला. त्याचे दोन्ही हात चिखलाने भरलेले. मावशींनी फोन घेतला. नाशिकचा माणूस गावठाणात येऊन दारात उभा होता, जीप कुठे आहे विचारत होता.

"गारी कामाव गेलीय," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

रोजच्यासाठी निलेशने शेवटी साधी सिंगल-कॅब पिकअप घेतली. विहिरीच्या वळणातून बिनबोभाट निघते. मालाचा हौदा कमरेएवढाच उंच आहे आणि तीन बाजूंनी उघडतो, त्यामुळे कुंड्या उचलून पाठ धरत नाही. पार्ट्स कल्याणात कुठेही मिळतात. सुरुवातीला तो तोंड पाडून होता. "ताई, भाजीवाल्याची गाडी वाटते."

"तू कोण आहेस? झाडवालाच ना?"

त्या सोसायटीत त्याने पुन्हा मोगरा पोचवला, टवटवीत. जीप आठवड्यातून एकदा सुरू होते. खाजणातून आली की खालून गोड्या पाण्याने धुतली जाते, कारण खारं पाणी पत्रा खातं, आणि मग तिच्या सगळ्या सांध्यांना ग्रीस लागतं. क्रॉस अजून तोच आहे.

जुनी गाडी आली की मी आता आधी विचारते, ही पूर्वी कुठे कामाला होती? आणि मालकाच्या शेजारी बसून एक फेरी मारल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. बांधलेल्या धाग्यांना अजूनही वळसाच घालते, फक्त ते कशाला बांधलेत ते बघून घेते. निलेशच्या नव्या पिकअपमध्येही एक लाल धागा आहे, आतल्या आरशाला. मी काही बोलले नाही. आरशाला गिअर नसतो.