काचेवरचा कान

माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी धरलं ते कानाच्या ठशावरून. बोटांचे ठसे घेतात हे सगळ्यांना माहीत असतं. कानाचाही ठसा उमटतो, हे आमच्या घरात तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

भाऊ वायरमन. मांडव्याच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले आहेत, तिथली वीज आणि पंप तो बघायचा. त्यातल्या एका बंगल्यात चोरी झाली आणि चोरांना अडवताना म्हातारा राखणदार जिवाला मुकला. मागच्या काचेच्या दारावर पोलिसांना कानाची छाप सापडली. आत कुणी आहे का, याचा कानोसा घ्यायला चोराने कान लावला असणार. बंगल्यात येणं-जाणं असलेल्या सगळ्यांचे कान काचेला टेकवून ठसे घेतले, आणि तज्ज्ञाने लिहून दिलं की भावाचा कान जुळतो. भाऊ तेव्हा तापाने घरी पडून होता. पण सांगणार कोण? आई आम्हाला लहानपणीच सोडून गेलेली, आणि बाबा माझ्याकडे म्हसळ्याला आले होते.

पोलीस ठाण्यात बाबांना त्या छापेचा मोठा करून काढलेला फोटो दाखवला. भावाचा कान लहानपणी सारखा वाहायचा. त्याला मांडीवर आडवा घेऊन कापसाने तो पुसायचं काम बाबांचंच. ते फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कान तर आमच्याच घरचा दिसतोय साहेब."

मी शेजारी उभी होते. बाबांना पुढे काही बोलायचं होतं, पण साहेबांनी फोटो काढून घेतला. त्याच संध्याकाळी भावाच्या कानावर गेलं, बापानेच ओळखलाय म्हणून.

त्यानंतर तो बाबांना भेटेना. मी डबा घेऊन तुरुंगात जायचे, बाबा बाहेर बाकावर बसायचे. आत भाऊ विचारायचा, "ताई, ते खरंच तसं बोलले?" मी म्हणायचे, "अरे, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं." तो मान हलवायचा आणि विषय बदलायचा. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडचे निरोप द्यायला घरी आले, तेव्हा बाबांनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. "बसू नका, जा," म्हणाले, आणि मग स्वतःच बाहेर पायरीवर जाऊन रडले.

खटला उभा राहायला फार वेळ लागला. आमच्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी मला समजावलं, "कान मऊ असतो. जोरात दाबला की एक ठसा, हलका टेकवला की दुसरा. एकाच माणसाचे दोन ठसे जुळत नाहीत, आणि दोन माणसांचे जुळल्यासारखे वाटतात. किती जणांचे कान सारखे असतात, हे कुणी नीट मोजलेलंच नाही. मग 'जुळतो' कशाच्या जोरावर म्हणायचं?" मग त्या माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुमचाही ठसा द्याल?"

उलटतपासणीत त्यांनी न्यायाधीशांच्या परवानगीने तज्ज्ञांपुढे कानांच्या ठशांचे काही फोटो ठेवले, नावं झाकून. दारावरच्या छापेशी कुठला सगळ्यांत जवळचा, ते सांगा म्हणाल्या. तज्ज्ञ सभ्य गृहस्थ होते. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं. वकीलबाईंनी चिकटपट्टी काढली. तो ठसा माझा होता.

कोर्टात कुणी हसलं. मला हसू आलं नाही. तज्ज्ञ खाली बघत म्हणाले, "साम्य आहे, एवढंच सांगता येईल. खात्री देता येणार नाही." मागे बसलेले बाबा एकदम उभे राहिले. "तेच! तेच सांगत होतो मी. घरचा म्हंजे त्याचाच, असं न्हाय म्हनलो!" शिपायाने त्यांना खाली बसवलं. भाऊ पिंजऱ्यात होता. त्याने वळून पाहिलं नाही.

तो निर्दोष सुटला. घरी आला, आंघोळ केली. मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, बोंबील तळले. ताटावर बसल्यावर त्याने बाबांना सरळ विचारलं, "तुमाला वाटलं व्हतं का, मी केलं म्हनून?"

बाबा खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना ते जमायचं नाही. "फोटो बघितला तवा वाटलं रे," ते म्हणाले. "घटकाभर वाटलं."

भावाने जेवण पुरं केलं. सकाळी रेवसच्या लाँचने तो मुंबईला गेला आणि पुढे गुजरातेत एका जहाजकारखान्यात लागला. मला फोन करायचा. बाबांची चौकशी करायचा, औषधं घेतात का विचारायचा, पण "दे त्यांना" असं कधी म्हणाला नाही. बाबा तिथेच बसलेले असायचे. फोन ठेवल्यावर विचारायचे, "जेवला का तो?"

बाबा गेल्या वर्षी गेले. भाऊ आला, त्याने अग्नी दिला, दिवसकार्य होईपर्यंत राहिला. निघताना धक्क्यावर मी न राहवून म्हणाले, "एकदा तरी बोलायचंस रे त्यांच्याशी."

त्याने पिशवी खाली ठेवली.

"राग कधीच गेला होता, ताई," तो म्हणाला. "पण त्यांच्यासमोर बसलं की घास उतरत नव्हता. त्याला काय करू?"

लाँचवाल्याने हाक दिली. पिशवी उचलून तो लाँचमध्ये उतरला आणि पलीकडच्या बाजूला, मला दिसणार नाही असा जाऊन बसला.