उशिरा उडणारी बंदूक

ती घटना मनातून जात नाही, आणि त्याला कारण बंदूक. वऱ्हाड मध्यप्रांतात होता त्या काळात मी परतवाड्याकडे ठाणेदार होतो. मला शिकारीचा नाद. कुणाची बंदूक कशी चालते हे विचारल्याशिवाय चैन पडत नसे.

एका सकाळी पोलीस पाटलाची खबर आली की संत्र्याच्या बगीच्यात राखणदाराच्या पायात छर्रे घुसले आहेत. मी पोहोचलो तेव्हा बगीच्याचा मालक, साठीचा माळी, बंदूक घेऊन दारातच बसला होता.

"डुकरावर झाडली, पन याले लागली. न्या मले."

राखणदार मान वर करीना. पंचनामा झाला, परवान्याची बंदूक जप्त केली, म्हाताऱ्याला ठाण्यात आणले. आता त्याला तुरुंगच होता. पण इतकी आयती कबुली मला पचेना. छर्रे अगदी जवळून, वरून खाली पावलात गेले होते. डुकरावर नेम धरलेली नळी पायाशी कशी आली?

बंदूक ठासणीची, म्हणजे नळीत दारू ठासून भरायची; चाप ओढला की टोपी फुटून तिच्या ठिणगीने बार पेटायचा. ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत मी ती स्वतः झाडून पाहिली. म्हातारा शिपायाजवळ उभा होता. चाप ओढला, टोपी टक् वाजली आणि पुढे काहीच नाही. बार फुसका गेला असे समजून मी नळी खाली करणार, तोच म्हातारा म्हणाला, "साहेब, खाली नका करू." त्याच क्षणी दणका बसला.

"तिची खोडच हाय. टक् झाल्यावर जरासा दम धरा लागते. माह्या बापाच्या वेळची हाय."

एवढे बोलून तो चपापला. ही खोड ज्याला लहानपणापासून ठाऊक, तो नळी खाली करणार नव्हता. झाडणारा कुणी नवखा होता. मी पुष्कळ विचारले, म्हातारा "म्याच झाडली" एवढेच घोकत राहिला.

त्याच्या घरी अमरावतीचा जावई आलेला होता. मी त्याच्याशी शिकारीच्या गप्पा काढल्या. त्याची स्वतःची दुनळी होती, गडी खुलला.

"काय हात बसते तिच्यावर. चाप ओढला का बार."

"आणि सासऱ्यांची?"

"ते तं बेकार. नुस्ती टक् करते. मानूस समजते का फुसकी निघाली, अन् खाली..."

त्याची बायको चहा घेऊन उभी होती. तिने कप खाली ठेवले.

"यायले घेऊन जा साहेब, अन् माह्या बापाले घरी पाठवा."

जावयाने सगळे सांगितले. राखणदाराला मालकानेच गप्प बसवले होते. परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या हाती दिल्याचा ठपका म्हाताऱ्यावर राहिलाच. "जावयानं मांगतली, नाई कसं म्हनाव?" हे त्याचे उत्तर. सोडताना मी त्याच्या बंदुकीची तारीफ केली, त्याचे लक्ष नव्हते.

"कोनं सांगतलं तुमाले?"

"तुमच्या लेकीने."

तो ठाण्याच्या पायरीवर बसला आणि रडू लागला. मला फार वाईट वाटले. पुढच्या नोकरीत आयती कबुली समोर आली की मी आधी त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे ते विचारत असे.