तांबडीचं ठाण

मुकादमाच्या हातचं पाणी प्यायलं तरी माणसाला ठसका लागावा, असा तो माणूस. घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या तबेल्यात राबून त्याचे केस पिकले, पण जिभेची धार काही बोथट झाली नाही. घोड्यांशी तो लोण्यासारखा मऊ वागायचा आणि माणसांना मात्र खराऱ्यासारखा घासायचा. घोड्यांची निगा राखणारे सगळे मोतद्दार त्याला घाबरत, आणि ते त्याला आवडायचं.

तबेल्यात सकाळची एक पद्धत होती, तीही त्यानेच बसवलेली. लीद उचलून, ओला पेंढा बदलून झाला की मालक चहाचा कप घेऊन दाराशी येऊन उभा राहायचा. मग एकेका मोतद्दाराने आपल्या घोड्याचे चारी पाय उचलायचे, आकडीने खुरातली घाण काढायची, खुराला तळहात लावायचा आणि हाताला जे लागेल ते ओरडून सांगायचं. "गार!" म्हणजे घोडा ठीक. "गरम!" म्हणजे आत काहीतरी दुखतंय. घोडाच नसेल, तर त्याच्या जागेसमोर उभं राहून "ठाण रिकामं!" असं ओरडायचं. असा गरम खुराचा, लंगडणारा घोडा मालक त्याच दिवशी कत्तलखान्याच्या गाडीत घालायचा. मुकादमाने त्यावर कधी हूं की चूं केलं नव्हतं. बसून खाणाऱ्याला चंदी कशाला, असंच तो म्हणायचा.

मागे लंबूचा घोडा असाच गेला. लंबू म्हणजे तबेल्यातला सगळ्यात जुना मोतद्दार. दुसऱ्या दिवशी बिचाऱ्याच्या तोंडून "रिकामं" फुटेना. मुकादम म्हणाला, "ऐकू नाही आलं. मोठ्याने." लंबू रडेपर्यंत त्याने ते वदवून घेतलं आणि मग बाकीच्यांकडे वळून हसला. कुणीही हसलं नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

अशा माणसाच्या घरी बायकोचा भाऊ राहायला आला. कारखाना बंद पडला, तेव्हा हा चाळिशीचा मेहुणा वळकटी घेऊन आला आणि स्वयंपाकघरात पथारी पसरू लागला. बायकोने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, म्हणून मुकादमाने त्याला तबेल्यात घेतलं. घरात बायकोपुढे काही बोलता येत नव्हतं, त्याची सगळी भरपाई तो तबेल्यात करायचा.

"मागून जातोस होय रे शहाण्या? लाथ बसली तर तुझी बहीण मला खाईल. खांद्याकडून जा, आधी आवाज दे, मग हात लाव." "आधी पाणी, मग गवत, मग चंदी. उलटं केलंस तर घोड्याचं पोट दुखेल आणि तुझं मी दुखवीन." शिकवणं सोळा आणे खरं होतं, शिकवायची तऱ्हा मात्र कसायाची. मेहुण्याने खरारा जोरात ओढला, तेव्हा मुकादमाने तोच खरारा त्याच्या उघड्या पाठीवर ओढला. "लागलं? आता घोड्याला हलक्या हाताने कर." आणि घोड्याचा खूर मांडीवर घ्यायला लावून त्याला इतका वेळ वाकवून ठेवायचा, की तोवर मालकाचा चहा संपून कप धुवून व्हायचा. मेहुणा "हो भाऊजी" म्हणायचा आणि ओठ चावायचा. त्याचे हात मात्र शिकत होते.

मुकादमाचा जीव जगात एकाच ठिकाणी अडकला होता, तांबडीत. ही म्हातारी घोडी त्याच्याच हातांवर जन्मली होती आणि तिची निगा तो स्वतःच राखायचा. तो नुसता शेजारी वाकला तरी ती आपणहून पाय उचलून त्याच्या हातात द्यायची. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको कधी कधी चिडून म्हणायची, "माझ्याशी बोलता त्याच्या दुप्पट त्या घोडीशी बोलता." ते अगदी खरं होतं.

त्या आठवड्यात तांबडीच्या पुढच्या खुरात खडा रुतला. खडा निघाला, पण आतला मुका मार राहिला आणि खूर तापला. थोड्या दिवसांत बरा होणार हे मुकादमाला कळत होतं. मालक थोडे दिवस थांबणार नाही, हेही कळत होतं. म्हणून तो उजाडण्याआधी येऊन तिचा पाय गार पाण्याच्या बादलीत धरून बसायचा आणि नंतर सगळ्यांसमोर छाती काढून "गार!" म्हणून ओरडायचा. पाण्याचा गारवा घटकाभरच टिकायचा, मग खूर पुन्हा तापायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या दारात खोटं बोलत होता.

एवढ्यावर तो गप्प बसता, तर निभावलं असतं. पण स्वयंपाकघरातली ती पथारी त्याच्या डोळ्यांत सलत होती. एका सकाळी तो मालकाला म्हणाला, "मेहुण्याला काढून टाका साहेब. पालथ्या घड्यावर पाणी आहे. खूर गार की गरम, तेसुद्धा त्याला कळत नाही."

मालकाने चहाचा घोट घेतला. "बघू तरी. आज तांबडी त्याला दे, गरीब घोडी आहे. चुकला तर आजच घरी."

मुकादम घाईघाईने पुढे झाला. "तिचं मी केलंय साहेब."

"परत करू दे."

मेहुणा खांद्याकडून गेला, आवाज दिला, हलक्या हाताने पाय उचलला. खुराला तळहात लावला आणि तो थबकला. त्याने मान वर करून पाहिलं. मालकाच्या पाठीमागे मुकादम उभा होता आणि मान हलवत होता, नको, नको. त्याने हातही जोडले. ती ओली बादली, ते रोजचं लवकर उठून जाणं, मेहुण्याला सगळं उमगलं. त्याची पाठ अजून चुरचुरत होती.

"गरम!" तो इतक्या मोठ्याने ओरडला, की तबेल्यातले सगळे घोडे कान टवकारून बघू लागले.

मालकाने स्वतः हात लावून पाहिला. मुकादम गयावया करत राहिला, "खडा लागलाय साहेब, चार दिवसांत धावेल. माझ्या पगारातून तिची चंदी कापा."

"बसून खाणाऱ्याला चंदी कशाला, हे तूच म्हणतोस ना?"

दुपारी गाडी आली. तांबडी फळीवर पाय ठेवेना. मालक म्हणाला, "तुझ्यामागे येते ती. तूच चढव." मुकादम पुढे चालू लागला आणि ती लंगडत, निमूटपणे त्याच्यामागून चढली. दोर बांधायला तो वाकला, तेव्हा तिने सवयीने पाय उचलून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मालक कप घेऊन दाराशी आला. एकेक आवाज येत गेला, गार, गार, गार. मग पाळी मुकादमाची आली. तो तांबडीच्या जागेसमोर उभा राहिला. पेंढ्यात अजून तिच्या अंगाचा खळगा होता. त्याचे ओठ हलले.

लंबूने खाली बघितलं. त्याला आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

मेहुण्याने हातातला खरारा झटकला.

"ऐकू नाही आलं, भाऊजी," तो म्हणाला. "मोठ्याने."