दत्तूचा उजवा कान

दत्तूचा कान मी घालवला.

बावीस वर्षं हे कुणाला बोललो नाही. आज दुपारी घोडेगावला त्याला अग्नी देऊन आलो. आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे.

मी आणि दत्तू एकाच पलटणीत. आमच्याकडे खांद्यावरून टँक उडवायचं रॉकेट लाँचर होतं. दत्तू नंबर एक, म्हणजे नेम धरणारा. मी नंबर दोन, म्हणजे मागून गोळा भरणारा.

ज्यांनी हे हत्यार बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

रायफल मारली की खांद्याला धक्का बसतो. ह्याला बसत नाही. कारण नळी दोन्ही बाजूंनी उघडी. गोळा पुढं जातो आणि तेवढाच जोर मागच्या तोंडातून आग होऊन बाहेर पडतो. म्हणून तर एवढा मोठा गोळा एक माणूस खांद्यावरून मारू शकतो.

पण मग मागं कुणी उभं नको. भिंत नको, बांध नको. असला तर ती आग त्याला धडकून उलटी तुमच्याच अंगावर येते.

नंबर एकचा डोळा दुर्बिणीला. त्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून नंबर दोननं गोळा भरायचा, मागचं तोंड बंद करायचं, वळून नीट बघायचं आणि मगच त्याच्या खांद्यावर हात मारायचा.

हात पडला की तो ट्रिगर ओढणार. बास, एवढंच काम. मागचा सगळा भरवसा माझ्यावर.

शिकवणारे उस्ताद रोज ओरडायचे, "नंबर दो, पहले पीछे देख."

आता माझी अक्कल ऐका.

रोजची प्रॅक्टिस डमी गोळ्यावर. डमीला मागं काहीच निघत नाही. शेकडो वेळा वळून बघितलं, शेकडो वेळा मोकळं मैदान. हळूहळू माझं बघणं नुसतं मान हलवण्यापुरतं राहिलं. नंतर नंतर तेही नाही. भरला, बंद केला, हात मारला. आमची जोडी सगळ्यात फास्ट म्हणून मी कॉलर ताठ करून हिंडायचो.

खरं फायरिंग नगरच्या रेंजवर होतं. आमची जागा आयत्या वेळी बदलून दिली. तिथं मागं मातीचा उभा बांध होता. वळलो असतो तर आंधळ्यालाही दिसला असता.

मी वळलोच नाही.

भरला, बंद केला, हात मारला आणि कान दाबून खाली वाकलो.

डोळे उघडले तर सगळीकडे धूळ. माझ्या पाठीला खडे लागले होते, बाकी काही नाही. दत्तू गुडघ्यावर बसलेला. उजव्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलेलं. तो मला विचारत होता, "लागला का रं? टारगेटला लागला का?"

लागला होता. बरोब्बर मध्यभागी.

चौकशी बसली. माझं प्रमोशन तोंडावर होतं. दत्तू साहेबांपुढं सरळ उभा राहिला आणि म्हणाला, नंबर दोननं इशारा द्यायच्या आधीच मी ट्रिगर ओढला. घाई माझी झाली.

बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. म्हणाला, "माझा कान तर गेलाच हाय. आता तुझी नोकरी घालवून मला काय तो परत मिळनार हाय का? एकाचं वाटोळं झालं तेवढं लई झालं."

मी आत परत जायला पाहिजे होतं. दार दहा पावलांवर होतं.

मी गेलो नाही.

कानापायी तो नोकरीतून लवकर घरी आला. मी सुभेदार होऊन रिटायर झालो. गावानं माझा सत्कार केला, तेव्हा टाळ्या वाजवायला दत्तू पहिल्या रांगेत.

घरी आल्यावर त्यानं घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली धरली. म्हणायचा, "हितं कानाचं काय काम हाय? सगळा सौदा उपरण्याखाली बोटांनी." हसायचा. बाजारात लई मान होता त्याला.

त्याच्या घरी जेवायला बसलो की वहिनी हमखास म्हणायच्या, "ह्यांना पयल्यापास्नं दमच न्हाई. हात पडायच्या आधीच उडवलं, बसले कान घालवून." सगळे हसायचे. दत्तू हसायचा.

मीही हसायचो. त्यांच्याच हातची भाकरी खात हसायचो. लाज वाटते लिहायला.

परवा नगरला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. पूनम, त्याची पोरगी, औषधं आणायला खाली गेली. म्हटलं आज बोलायचंच.

स्टूल ओढलं आणि त्याच्या उजव्या बाजूला बसलो. मुद्दाम. सगळं बोललो. मागं बघितलं नव्हतं, चूक माझी होती, मला माफ कर. सगळं त्या गेलेल्या कानाला सांगितलं.

त्यानं मान वळवली. "काय म्हनतो रं? ह्या बाजूला ये."

मी उठून त्या बाजूला गेलो आणि म्हणालो, "डिस्चार्ज कधी देणार, विचारतोय."

"शनिवारी म्हनत्यात," म्हणाला.

शुक्रवारी गेला.

मगाशी फेसबुकवर पूनमचं स्टेटस बघितलं. "पप्पांनी आयुष्यभर घाई केली. जातानाही घाईच केली." खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मीही जोडणार होतो, अंगठा तिथपर्यंत गेलासुद्धा.

पूनम बाळा, ते स्टेटस काढ. वहिनींनाही हे वाचून दाखव. मला घरात घेतलं नाही तरी चालेल.

तुझ्या पप्पांनी घाई केली नव्हती. ते माझ्या हाताची वाट बघत थांबले होते.

दत्तू, माफी मागायला उशीर केला. राम राम, गड्या.