आईने ओवाळलेलं रॉकेट

आमच्या घरातून एकदा रॉकेट उडालं होतं, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या. डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, लाकडी शटरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीतून ते उडालं आणि त्याचा अधिकृत फोटोग्राफर मी होतो.

ताई तेव्हा श्रीहरिकोट्याला नोकरीला होती. इंजिनिअर झाली आणि गेली ती थेट दुसऱ्या समुद्रावर. नंतर एकदाच घरी आलेली, तीही पाहुण्यासारखी. ती गेल्यापासून घरात भांडायला कोणी उरलं नव्हतं. मी आईशी भांडून पाहिलं, पण आई लगेच पान वाढायची, त्यात काय मजा? गॅलरीतली जी खुर्ची मिळवण्यासाठी मी लहानपणापासून लढत आलो, ती आता रिकामी होती आणि मला तिच्यावर बसवत नव्हतं.

फोन पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. तिथे ताईचा निरोप आला. उड्डाण टीव्हीवर थेट दाखवणार होते, कंट्रोल रूमही दाखवणार होते, आणि ताई तिथे बसणार होती. “तू दिलेली केशरी साडी नेसते, म्हणजे गर्दीत ओळखशील,” असं तिने आईला सांगितलं.

आईने ही बातमी दूधवाल्यापर्यंत पोचवली. केशरी साडीचं तर इतकं वर्णन केलं, की शेवटी जिन्यात काकूंनी विचारलंच, “पण वहिनी, तुमच्या टीव्हीत रंग कुठे दिसतात? आमच्याकडे या की, रंगीत आहे.”

“साडी मी घेतलीय,” आई म्हणाली. “केशरी मला काळ्या-पांढऱ्यातही कळतं. आणि माझी मुलगी मी माझ्या घरी बघणार.”

ताईचा टीव्हीवरचा फोटो काढायचं माझ्यावर आलं. ठाण्याला खोपटजवळ माझा एक मित्र लग्नाचे फोटो काढायचा. त्याचा कॅमेरा मी मागून आणला, आत कुणाच्या तरी वरातीतून उरलेला अर्धा रोल.

“फ्लॅश मारू नकोस, काचेत नुसता फ्लॅशच येईल,” त्याने बजावलं. “शटर हळू ठेव, नाहीतर पडद्यावर काळा पट्टा येतो. आणि हलायचं नाही. श्वासपण घेऊ नकोस.”

“किती वेळ?”

“रॉकेट जाईपर्यंत.”

उड्डाणाच्या दिवशी मी पडदे ओढले, तांदळाच्या डब्यावर कॅमेरा ठेवला आणि समोर मांडी घालून बसलो. खोलीत अर्धी बिल्डिंग. बाबांनी खास रजा काढली होती आणि ते गच्चीवर अँटेना धरून उभे होते, कारण त्यांनी हात सोडला की पडद्यावर मुंग्या यायच्या.

“आलं का रे?” वरून आवाज.

“आलं. तसेच थांबा.”

“मी किती वेळ असा…”

“हलू नका बाबा, गेलं.”

असा त्यांचा कार्यक्रम चालला होता.

उलटी मोजणी सुरू झाली. रॉकेट उभं, बाजूने पांढऱ्या वाफा. मग कंट्रोल रूम आली. कॅमेरा रांगांवरून हळूहळू सरकू लागला. मी डोळा लावला, श्वास धरला. आणि स्वयंपाकघरातून तबक घेऊन आई निघाली. तबकात निरांजन पेटलेलं.

आमच्याकडे ओवाळल्याशिवाय कुणी मोठ्या कामाला निघत नाही. परीक्षा असो, मुलाखत असो, हातावर दही आणि तोंडासमोर निरांजन. आई सरळ टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली. माझ्या भिंगात तिची पाठ, बाकी काही नाही.

“वहिनी, बसा हो, दिसत नाही.”

“एवढं ओवाळून होऊ दे.”

तिने काचेला कुंकू लावलं. काकू म्हणाल्या, “अहो, रॉकेटला लावताय का?”

“मुलीला लावतेय. रॉकेट मध्ये आलं तर मी काय करू?”

तेवढ्यात टीव्हीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. मी आपला बटण दाबत राहिलो, रोल संपेपर्यंत. खोलीतल्या एकालाही काही दिसलं नव्हतं.

“दिसली का हो?” काकूंनी विचारलं.

“दिसली,” आई वळून म्हणाली. “मागच्या रांगेत. बारीक झालीय.”

बाबा खाली आले, तळवे गंजाने तांबडे झालेले. त्यांनी आईला शेजारी बसवलं आणि ताई कशी बसली होती, चष्मा होता का, हसत होती का, सगळं विचारून घेतलं. आईने सगळं सांगितलं.

फोटो धुऊन आले तेव्हा मित्र म्हणाला, “रॉकेट कुठाय?” प्रत्येक फोटोत पाठमोरी आई, आणि तिच्या कोपराजवळ काचेत निरांजनाचा ठिपका. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी ते फोटो अधूनमधून बाहेर काढतो आणि उगाच जरा जास्त वेळ बघत बसतो. वळेल असं वाटतं.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. काकूंनी हाक मारली, फोन मी घेतला.

“अरे, मला ऐन वेळी दुसऱ्या इमारतीत बसवलं,” ताई म्हणाली. “मी त्या खोलीत नव्हतेच. आईला तूच सांग ना, मला नाही जमणार.”

आई माझ्या मागेच उभी होती, बाबा दारात. मी रिसीव्हर आईकडे दिला.

“दिसलीस गं,” आई म्हणाली. “पदर नीट पिन केला होतास, छान दिसत होता. जेवत जा जरा.”

ताई तिकडून काय बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. आई बराच वेळ ऐकत राहिली, मध्येच एकदा “असू दे” म्हणाली, आणि एकदा “रडू नकोस.” शेवटी विचारलं, “मग पुढचं कधी उडवणार तुम्ही?”

रिसीव्हर ठेवून तिने बाबांकडे पाहिलं.

“पुढच्या वेळी म्हणे पहिल्या रांगेत बसवणार आहेत तिला.”

“मग त्या वेळी मी खाली टीव्हीपुढे बसेन,” बाबा म्हणाले.